सतराव्या आवृत्तीतली मावशी

हेडफोन लावून पुष्पांजली दोन मिनिटं नीट बसली होती. तिसऱ्या मिनिटाला तिने तो कानात गोम शिरल्यासारखा उपटून फेकला.

"काय झालं?" प्रेमने विचारलं. "बेस जास्त झाला काय?"

हेडफोनमध्ये तिच्या सासूबाई बोलत होत्या. ज्या आशाबाई सकाळी सातलाच सहदेवभाऊंच्या टेम्पोत, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन उंद्रीला रवाना झाल्या होत्या, त्याच इथे गिटार आणि ढोलांच्या मधोमध बसून म्हणत होत्या, "पिऊन घे रे राजा. गोड हाये. तुह्या मायले नोको सांगू, हा."

मग ढोल धडधडले, तुतारीसारखं काहीतरी किंचाळलं आणि पुन्हा तेच, "तुह्या मायले नोको सांगू, हा." असं आठ वेळा. बरोब्बर तालात.

"जमलं ना?" प्रेमचे डोळे लकाकत होते. "तो 'हा' कसा ठोक्यावर पडते पाह्य! आईच्या अंगात ताल हाये बापा. आपल्यालेच मालूम नव्हतं."

पुष्पांजलीला तालाचं काही पडलेलं नव्हतं. पाच महिन्यांच्या रामला सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय थेंबभरही काही द्यायचं नाही, गुटी तर नाहीच नाही, असं डॉक्टरांनी सासूबाईंच्या देखत बजावलं होतं. सासूबाईंनी तेव्हा मान डोलावली होती. "हाव बापा, डॉक्टर शिकलेला हाये, म्हनते त नाही देत." पण दुपारी दोन ते चार पुष्पांजली पुढच्या खोलीत नववीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घ्यायची, आणि त्या दोन तासांत राम असा गाढ झोपायचा, की बारा पोरं एका सुरात आम्ल-आम्लारी ओरडली तरी त्याची पापणी हलत नसे. एरवी चमचा पडला तरी दचकणारं पोर! पुष्पांजली दर दहा मिनिटांनी येऊन त्याच्या नाकाशी बोट धरायची. श्वास चालू असायचा. सासूबाई बाजूला बसून वाती वळत असायच्या. चेहरा देवघरातल्यासारखा.

शेवटी तिने आपला जुना मोबाईल पाळण्यातल्या गोधडीखाली रेकॉर्डिंग सुरू करून ठेवायला सुरुवात केली. बी.एस्सी. झालेली बाई पुराव्याशिवाय बोलत नाही. सात दिवस ठेवला. आठव्या दिवशी, म्हणजे गेल्या सोमवारी, तो मोबाईलच गायब झाला. सातही दिवसांचं ऐकायचं बाकी होतं, ते तसंच राहिलं. आणि 'माझा मोबाईल कुणी पाहिला का' हे विचारायची सोय नव्हती, कारण पुढचा प्रश्न 'कुठं ठेवला होता' हाच येणार होता.

"हा आवाज तुम्हाला कुठं मिळाला?" तिने कसंबसं विचारलं.

"तुह्या जुन्या मोबाईलमध्ये. पाळण्यात सापडला." प्रेमचा आवाज एकदम हळवा झाला. "पुष्पा, खरं सांगतो, मह्या डोयात पानी आलं. आईचा आवाज लेकराले मोठेपनी ऐकाले मिळावा म्हून तू रोज भरून ठेवत होती. बोलली बी नाही कोनाले! लोकाच्या सुना पाह्यल्या म्या. तुह्यासारखी नाही."

पुष्पांजलीने मान खाली घातली. प्रेमला ती लाज वाटली.

आता इथे प्रेमची ही काय भानगड होती, ते सांगायला हवं. प्रेमचं मेहकरात बस स्टँडमागे साउंड सर्व्हिसचं दुकान. लग्न, सत्कार, भाषण, काहीही असो, स्पीकर प्रेमचे. चार वर्षांपूर्वी नवे स्पीकर घेतले, तेव्हा ते तपासून पाहायला म्हणून विकणाऱ्याने एक सीडी फुकट दिली. त्या सीडीवर लूथर टिबल्स नावाच्या अमेरिकन कलावंताचा 'थर्टीन लेफ्ट शूज' नावाचा जुना अल्बम होता. तेरा डावे बूट. या प्रकाराला फंक म्हणतात, असं प्रेमने तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "यात गानं कमी राह्यते आन् कंबर जास्त."

बूट तेरा, पण गाणी नऊच. टिबल्सने तेरा केली होती, कंपनीने चार कापली. त्या चारांचे तुकडे नंतर कुठून कुठून बाहेर आले. तेव्हापासून जगभरातले चाहते ते तुकडे आपापल्या अकलेने जोडून 'खरा अल्बम असा असायला हवा होता' म्हणून स्वतःच्या आवृत्त्या बनवतात, एकमेकांना पाठवतात आणि भांडतात. कोणतं गाणं पहिलं, कोणतं शेवटचं, यावर भांडतात. अशा तीनशे बारा माणसांचा एक ग्रुप होता. त्यातला तीनशे बारावा माणूस मेहकरचा होता आणि तो पुष्पांजलीचा नवरा होता. सुरुवातीला तिला जरा धक्का बसला होता. मग तिने मनाची समजूत घातली, की काहींचे नवरे पत्ते खेळतात.

प्रेमने आत्तापर्यंत सोळा आवृत्त्या केल्या होत्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. ओसाकाचे एक निवृत्त शिक्षक होते, तानाबे. ग्रुपमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी प्रेमच्या सोळाव्या आवृत्तीवर 'प्रयत्न प्रामाणिक आहे' एवढंच लिहिलं होतं. प्रेम दोन दिवस जेवला नव्हता.

"या अल्बमच्या पाठीमांगं छापेल हाये," प्रेम आता सांगू लागला, "का सहाव्या गान्यात टिबल्सची मावशी चाळीस सेकंद बोलते. पन कंपनीनं मावशी कापून टाकली. ते टेप कुठंच नाही. कोनालेच नाही सापडलं. त्या चाळीस सेकंदात कोनी पाऊस टाकते, कोनी घंटा टाकते. म्या आई टाकली!"

"आणि ग्रुपवर पाठवलं?"

"पाठोलं ना, परवाच. तानाबे मास्तर म्हनते, मावशी सापडली! चाळीस वर्षांनी सापडली! ते रडले म्हनते, पुष्पा. ब्राझीलवाला इचारून राह्यला, हे कोन्त्या भाषेत बोलते. सगळ्याइले वाटते का असली टेप मेहकरात निंघाली."

"आणि तुम्ही सांगितलं नाही, की ती टिबल्सची मावशी नाही, माझी सासू आहे?"

"सांगनारच होतो," प्रेम खाली बघत म्हणाला. "पन मास्तर रडून राह्यले होते, त कसं सांगाव?"

पुष्पांजलीने मनातल्या मनात हिशेब केला. प्रेम सोडला तर उरलेल्या तीनशे अकरा माणसांतल्या एकालाही मराठी येत नव्हतं. ओसाकात गुटी कुणाला कळणार! तिचा जीव जरा भांड्यात पडला. गुटीचं सासूबाईंशी नंतर, सावकाश, मोबाईलचं नाव न काढता बोलता आलं असतं. या घरात सासूवर पाळत ठेवायला पाळण्यात मोबाईल ठेवणारी सून म्हणून तिला जन्म काढायचा नव्हता. तेवढं एक सांभाळलं की झालं.

"बरं झालं," ती म्हणाली, "इथं आपल्याकडं कुणी ऐकलं नाही ते."

"आज ऐकतीन ना!" प्रेम म्हणाला. "सहदेवभाऊच्या पेन ड्राइव्हमध्ये टाकून देलं म्या. उंद्रीले टेस्टिंगले तेच लावनार हाये."

पुष्पांजलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

प्रेमची पद्धत तिला माहीत होती. बाकीचे साउंडवाले 'हॅलो, चेक, वन टू थ्री' करून भक्तिगीत लावतात. प्रेम स्पीकर तपासायला टिबल्स लावायचा. आणि सहदेवभाऊ, म्हणजे त्याचे पंचावन्न वर्षांचे भागीदार, पेन ड्राइव्ह एकदा खुपसला की पाहुणे येईपर्यंत हात लावत नसत. पहिल्यापासून शेवटपर्यंत, गावभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आज उंद्रीत भगवानरावांची एकसष्टी होती. भगवानराव म्हणजे प्रेमच्या तानुबाई आत्याचे यजमान. अख्खं गणगोत मांडवात असणार होतं.

"पूर्ण चाळीस सेकंद ऐकवा मला," ती म्हणाली.

तिने हेडफोन पुन्हा लावला. गुटीचं आठ वेळा झालं. मग सासूबाईंचा आवाज खाली आला, पाळण्याशी वाकून बोलल्यासारखा. "तुह्या तानूआजीनं बारशाले वाळं घातलं ना तुले, चांदीचं म्हून? सोनाराले दाखोलं म्या. घासून पाह्यलं त पितळ निंघालं. पितळ निंघालं, बापा!" आणि मग ढोल, आणि 'पितळ निंघालं', 'पितळ निंघालं', तुतारीसकट.

"हे तुम्हाला गाण्यात घालावंसं वाटलं?" पुष्पांजली ओरडली.

"म्या शब्द कुठं ऐकले!" प्रेम प्रामाणिकपणे दचकला होता. "म्या त ठेका ऐकला. पितळ निंघालं, पितळ निंघालं. तूच म्हनून पाह्य, हालते का नाही कंबर?"

सहदेवभाऊंना फोन लावला. वाजून वाजून थांबला. स्पीकरशेजारी उभ्या माणसाला फोन ऐकू येत नाही. सासूबाईंचा फोन त्यांच्या पिशवीत, पिशवी कुणाच्या तरी खोलीत. तानुबाईंना फोन करून काय सांगणार होती ती?

पंधरा मिनिटांत पुष्पांजली, प्रेम आणि राम प्रेमच्या जुन्या व्हॅनमध्ये होते. दुरुस्तीहून आणलेले दोन माईक मागच्या सीटवर लोळत होते. रामला छातीशी घट्ट धरून पुष्पांजलीने चार वर्षांत कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

"ते गाणं कितव्या नंबरला आहे?"

प्रेमने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "तू इचारून राह्यली? गान्याचा नंबर?"

"पुढं बघून चालवा. कितव्या?"

"तेच त सांगता येत नाही. सतराव्या आवृत्तीत मावशी सहावी हाये. पन मग मले वाटलं का तिसरी असाव, म्हून म्या सतरा-अ बनोली. पेन ड्राइव्हवर कोन्ती टाकली, ध्यानात नाही."

"पण का? तिसरी का?"

"अल्बमले चढ लवकर येते ना," प्रेम म्हणाला, आणि पुष्पांजलीने डोळे मिटून घेतले.

उंद्री तासाभराच्या अंतरावर. गाव अजून दिसत नव्हतं तेव्हाच तुरीच्या शेतांवरून तो आवाज आला. आधी पोटात जाणवला, मग कानात. राम उठून टकामका बघायला लागला. प्रेमने व्हॅन थांबवली.

"थांबलात कशाला?"

"चूप. आयकू दे." त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "मोकळ्या रानात बेस कसा पसरला पाह्य ना! हे तिसरं गानं हाये. आन् मावशी नाही याच्यात. म्हंजे सतरा टाकली म्या, सतरा-अ नाही! पुष्पा, मावशी सहावी हाये. आपल्या हातात बारा मिनिटं हायेत."

बारा मिनिटं पुरेशी होती. फक्त, मांडव रस्त्यावरच घातलेला होता. गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, मधे वाट नाही. व्हॅन लांब लावून चालत यावं लागलं. चार मिनिटं गेली. मांडवाच्या दारात भगवानरावांनी प्रेमला धरलं. ते नव्या फेट्यात, घामाने निथळत उभे होते. "आला का बे? माईक कुठं हाये? पाहुने याची वेळ झाली, मले माईक दे पह्यले!" प्रेम माईक आणायला पुन्हा व्हॅनकडे पळाला. आणि पुष्पांजलीला बायकांनी धरलं.

बायकांच्या हातून हळद-कुंकू लावून घेतल्याशिवाय मांडवात पुढे जायची पद्धत नव्हती. एकीने कुंकू लावलं, दुसरीने राम काढून घेतला, तिसरीने पाण्याचा पेला धरला.

"किती वाळली वं! सासू जेवाले देत नाही काय?"

"देतात, देतात. मामी, मला जरा..."

"लेकरू गुटगुटीत हाये मातर. गुटी देता ना?"

"नाही!" पुष्पांजली इतक्या जोरात म्हणाली, की पेला धरलेली बाई मागे सरकली.

पाचवं गाणं संपत आलं होतं. पुष्पांजलीला आता टिबल्सचं पाचवं कुठे संपतं तेही कळायला लागलं होतं. ती बायकांमधून अंग चोरत स्पीकरकडे धावली. सहदेवभाऊ मशीनशेजारी खुर्चीवर, डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसले होते.

"सहदेवभाऊ, बंद करा! तो पेन ड्राइव्ह काढा!"

"का म्हनता वयनी?"

"पेन ड्राइव्ह! काढा!"

सहदेवभाऊंनी दोन्ही हात मशीनवर आडवे धरले. "चालू गान्यात पेन ड्राइव्ह कधी काढू नये. मशीन उडते. वीस वर्सं झाले मले या धंद्यात. गानं संपू द्या."

आणि सहावं गाणं सुरू झालं.

मांडवात दोनेकशे माणसं होती. "पिऊन घे रे राजा. गोड हाये," असा आवाज चार मोठ्या स्पीकरांतून आला, तेव्हा सगळ्यांनी माना वळवून ती बाई शोधायला सुरुवात केली. आशाबाई पहिल्या रांगेत तानुबाईंशेजारी बसल्या होत्या, पंख्याने वारा घेत. त्यांनीही मान वळवली.

"कोन बाई हाये वं ही?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "मह्यासारखीच बोलते."

आपला आवाज बाहेरून कधी ऐकलेला नसला की माणसाला तो ओळखू येत नाही. तानुबाईंना मात्र येत होता. त्यांनी आशाबाईंकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा आशाबाईंकडे.

"तुह्या तानूआजीनं बारशाले वाळं घातलं ना तुले..."

आशाबाईंच्या हातातला पंखा थांबला. तो हवेत तसाच राहिला.

"पितळ निंघालं," मांडव म्हणाला. "पितळ निंघालं. पितळ निंघालं." मागच्या बाजूला बसलेल्या लहान पोरांनी दुसऱ्याच आवर्तनाला टाळ्या धरल्या. तिसऱ्याला ती स्वतः ओरडायला लागली. "पितळ! निंघालं! पितळ! निंघालं!" एका म्हाताऱ्या नातेवाइकाची मान आपोआप हलत होती. पुष्पांजली मशीनशेजारी खांबाला धरून उभी होती, आणि तिला पहिल्यांदाच कळलं, की प्रेम खरं सांगत होता. कंबर हलत होती.

गाणं संपलं. सहदेवभाऊंनी सावकाश, नियमाप्रमाणे, पेन ड्राइव्ह काढला. मागे भाताच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं.

"आशा," तानुबाई म्हणाल्या. "हा तुहा आवाज हाये."

आशाबाईंनी पंखा मांडीवर ठेवला.

"कोनं भरला?"

नेमका तेव्हाच प्रेम दोन्ही हातांत माईक घेऊन मांडवात शिरला, आणि त्याने फक्त शेवटचा प्रश्न ऐकला. त्याचा चेहरा फुलला. "पुष्पानं!" तो म्हणाला. माईक चालू होता. "मह्या बायकोनं भरला. पाळन्यातल्या गोधडीखाली मोबाईल ठेवून सात दिवस भरला तिनं, कोनाले न सांगता. इतकी माया हाये तिची आईवर!"

दोनशे माना पुष्पांजलीकडे वळल्या. तिला त्यातली एकच दिसत होती. आशाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. गोधडीखाली मोबाईल का ठेवतात, हे समजायला त्या बाईला बी.एस्सी.ची गरज नव्हती. सगळं संपलं होतं. आज संध्याकाळी त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात, त्याच बाईशेजारी बसून भाकरी थापायची होती तिला. उद्याही. जन्मभर.

आशाबाई उठल्या. पदर सारखा केला. प्रेमच्या हातातला एक माईक घेतला.

"म्याच सांगतलं तिले भराले," त्या म्हणाल्या.

पुष्पांजलीला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय.

"प्रेमच्या गान्यात एक म्हातारी लागे," आशाबाई पुढे म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. "परदेशातलं गानं हाये ते. त्याच्यात एक खोटारडी, चहाडखोर म्हातारी पाह्यजे. सुनेच्या मांगं नातवाले गुटी पाजनारी. नंदेची निंदा करनारी. असी बाई आपल्या घरात कोनी हाये काय? नाही. म्हून मले नाटक करा लागलं. सात दिवस सराव केला. हाव का नाही वं पुष्पा?"

दोनशे माना पुन्हा वळल्या. पुष्पांजलीने आयुष्यात परीक्षेत कॉपीसुद्धा केली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "सात दिवस. रोज दोन ते चार."

"मंग गुटी?" तानुबाईंनी विचारलं.

"नाटक."

"आन् वाळं?"

"नाटकच त! तुहं वाळं त अस्सल चांदीचं, बाई. साऱ्या मेहकरले मालूम हाये."

तानुबाईंनी सुस्कारा सोडला. तो एखाद्या निर्दोष बाईने सोडावा त्यापेक्षा जरा मोठा होता, पण तो मोजायला कुणी थांबलं नाही, कारण मागून पोरं ओरडायला लागली होती, "आजी, करून दाखवा! आजी, करून दाखवा!" भगवानरावांनीच पुढाकार घेतला. "वहिनी, आज मह्यी एकसष्टी हाये. मह्यावर बी बोला मंग दोन शब्द."

आशाबाई बोलल्या. दोन शब्द नाही, वीस मिनिटं. भगवानरावांनी लग्नात रुसून कशी अंगठी मागितली होती आणि रुसलेले असतानाच पाच पुरणपोळ्या कशा खाल्ल्या, इथपासून. सहदेवभाऊंनी न सांगता मागे ठेका लावला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. प्रमुख पाहुणे आले, तेव्हा सत्कार कुणाचा आहे ते त्यांना विचारावं लागलं.

परतताना व्हॅन प्रेम चालवत होता आणि वाटेत त्याने ठरवलं होतं, की ग्रुपवर खरं सांगून टाकायचं. आपल्या गाण्यापायी आज मांडवात आईला एवढं खोटं बोलावं लागलं, तिला किती त्रास झाला असेल, असं त्याला वाटत होतं. मागच्या सीटवर दोघी बायका मधे राम झोपवून बसल्या होत्या.

"मले वाटे तू मले भेते," आशाबाई हळूच म्हणाल्या. "तू त मह्या पाळतीवर होती."

"मला वाटायचं तुम्ही माझं ऐकता," पुष्पांजली म्हणाली.

"चिमूटभर देली वं. चाटवली नुसती. तुह्या नवऱ्याले देली तवा काय झालं?"

पुष्पांजलीने पुढे बघितलं. प्रेम स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून पुटपुटत होता, "पितळ निंघालं, पितळ निंघालं."

"झालं ना," ती म्हणाली.

आशाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. पुष्पांजली आधी घाबरली, मग तिला कळलं, की सासूबाई हसताहेत. मग तिलाही आवरेना. राम जागा होईल म्हणून दोघी तोंड दाबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ठरलं मंग," डोळे पुसत आशाबाई म्हणाल्या. "मी गुटी देत नाही. तू मोबाईल ठेवत नाही. रामची शपथ."

"रामची शपथ," पुष्पांजली म्हणाली.

प्रेमने ग्रुपवर खरं सांगितलं. दोन दिवस कुणीच काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तानाबे मास्तरांचा निरोप आला. मावशी खोटी निघाली याचं त्यांना फार दुःख झालं होतं. ते सावरत होते. तरी तुमच्या मातोश्रींची अजून चाळीस सेकंदं मिळू शकतील का, असं त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं होतं. ब्राझीलवाल्याने तर विचारलंच नाही, त्याने परस्पर आपल्या आवृत्तीत आशाबाई तेराच्या तेरा गाण्यांत घातल्या. आणि उंद्रीहून येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर तानुबाईंनी वाळ्यांचा नवा जोड पाठवला. 'जुनी घासली असतील म्हणून' असा निरोप होता.

सगळं कसं छान झालं होतं. पुष्पांजलीने आठवडाभर शपथ पाळली. पण दुपारी राम झोपायचा. शांत, गाढ झोपायचा. आम्ल-आम्लारीला पापणी हलत नव्हती. आठव्या दिवशी तिने देवाची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि मोबाईल ठेवला. पाळण्यात नाही. फडताळात, रव्याच्या डब्यामागे, जिथे कुणाचा हात जाण्याचं कारण नव्हतं.

चार वाजता पोरं गेल्यावर ती मोबाईल घेऊन मोरीशी कपडे भिजवायला बसली आणि एका कानात इअरफोन घालून ऐकू लागली. पाळण्याची करकर. लांबून तिचाच आवाज, आम्लाची चव सांगणारा. मग सासूबाई आल्या. बाळाशी बोलू लागल्या. "राजा, तुही माय लय गुनाची हाये रे. असी सून नशिबानं भेटते. शिकलेली हाये, पन गर्व नाही. डॉक्टरचं आयकते. मी बी आयकतो तिचं. गुटीचं त नावच नाही आपल्या घरात." पुष्पांजलीचे हात साबणाच्या पाण्यात थांबले. तिला भरून आलं. एवढ्या चांगल्या बाईवर आपण पुन्हा संशय घेतला, याची तिला अशी लाज वाटली, की ती सगळं रेकॉर्डिंग पुसूनच टाकणार होती.

तेवढ्यात कानात पावलं वाजली. जवळ आली. डबा सरकल्याचा आवाज झाला, आणि मग सासूबाईंचा आवाज इतका स्वच्छ आणि मोठा आला, की पुष्पांजलीच्या हातून बादली कलंडली.

"पुष्पा, बॅटरी लाल दाखून राह्यली याची. उद्या चार्ज करून ठेवत जाय."